उचलता येईल एवढा कुत्रा

बुधवार, १ जानेवारी २०२५

दरवर्षी डिसेंबरअखेर सप्लायर लोकांकडून पंधरा-वीस डायऱ्या यायच्या आणि मी त्या शेजारीपाजारी वाटून टाकायचो. यंदा एकच आली, तीही वॉचमनकडे टाकून गेले. काल निवृत्त झालो, आज किंमत कळली. वाटायला नाही तर लिहायला तरी होईल म्हणून उघडली.

महाप्याच्या कंपनीत चौतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं. टाचणी असो की बॉयलर, आधी तीन कोटेशनं, मग तुलनेचा तक्ता, मग सही. नंदकुमारच्या टेबलावर कागद अडकतो म्हणून लोक कुरकुरायचे. पण ऑडिटवाल्यांना माझ्या फायलीत बोट ठेवायला कधी जागा मिळाली नाही.

सकाळी चहा ठेवताना गोजरा म्हणाली, "मना एक कुत्रा पायजे."

मला वाटलं थट्टा करते. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने कुत्रा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. घणसोली गावातल्या जुन्या घरात राहायचो तेव्हा मासळी साफ करायला बसली की शेजारी काठी ठेवायची.

"कसला कुत्रा?"

"लहान जातीचा. उचलता येल एवढा."

"तुला?"

"मना कशाला? तुमाला."

माझा गुडघा दुखतो हे तिच्या ध्यानात आहे, बरं वाटलं. मग ती अकराच्या गाडीने उरणला गेली. तिची आई, गंगू आजी, दिवाळीत वारली. उरणजवळच्या गावात तिचं दोन खोल्यांचं घर रिकामं पडलंय. मेहुण्याने, जयदेवने, त्याची किल्ली बहिणीच्या हातात ठेवली. बंद घराला हवा लागली पाहिजे म्हणून ही जाते. नोव्हेंबरात एकदा गेली, डिसेंबरात पाच वेळा. दोन खोल्यांना एवढी हवा कशाला लागते कोण जाणे.

रविवार, ५ जानेवारी

दिवस संपता संपत नाही. सकाळपासून हॉल ते बाल्कनी अशा किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत, पण गोजरा म्हणाली फरशी झिजेल.

कुत्र्याचा विषय हाती घेतला. तीन जाती काढल्या. पग: तोंड चपटं, उन्हात धाप लागते, एप्रिल-मेमध्ये एसी लागेल. शित्झू: दिसायला गोड, पण केसांचा सोस फार. महिन्याला पार्लर. माझ्या स्वतःच्या केसांवर वर्षाला तेवढा खर्च होत नाही. पॉमेरेनियन: भुंकतो, केस गाळतो, बाकी काटक. तक्ता आखला, पण गरज काय ते ठरल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही, म्हणून गोजराला विचारलं की तुझ्या अपेक्षा सांग.

तिने भाकरी थापता थापता सांगितलं. "सकाली उठवंल असा पायजे. दोनदा खाली फिरवावा लागंल असा. भुकला तरी चालंल, घरात आवाज पायजे. आनि मानसाला एकटं सोडनारा नको."

लिहून घेतलं. माणसाला एकटं न सोडणारा, हे तिने का घातलं ते कळलं नाही. मी आता चोवीस तास घरातच आहे.

शनिवार, ११ जानेवारी

मनस्वीचा बंगळूरहून फोन. कुत्र्याचं सांगितलं. लेक खूश होईल वाटलं होतं, तिने उलट मलाच विचारलं.

"बाबा, कुत्रा कुणासाठी?"

"आईसाठी. तिलाच हौस आलीय."

"आईशी बोललात का तुम्ही नीट?"

"रोज बोलतो की. सकाळी तासभर पगवर बोललो."

"पगवर नाही हो बाबा." मग तिला मीटिंग होती.

या पिढीला एका वाक्यात सांगता येत नाही. गोजरा आज पुन्हा उरणला. माझं जेवण झाकून ठेवलं होतं, वर चिठ्ठी: गरम करून खा. मायक्रोवेव्हचं कुठलं बटण ते लिहिलं नव्हतं. थंडच खाल्लं.

बुधवार, २२ जानेवारी

मितेश नावाच्या विक्रेत्याकडे जाऊन आलो. जातिवंत पिल्लांचा व्यवसाय करतो, दुकान म्हणजे एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरची खोली. पिंजऱ्यात सहा शित्झू, दोन पॉम. म्हणाला, "अंकल, पंचेचाळीस दिवसांचं आहे, बिंदास घेऊन जा." मी पिल्लाचं तोंड उघडून बघितलं. दात नीट फुटलेले नव्हते. महिन्याचंही नसेल. विक्रीच्या नोंदणीचा कागद मागितला तर म्हणाला, कागद येतोय. चौतीस वर्षं हेच वाक्य ऐकत आलोय. दोन घेतली तर भाव काय पडेल, ने-आण कुणाकडे, आठ दिवसांत दगावलं तर बदलून मिळेल का, तेही विचारून ठेवलं.

गोजरा एक पिल्लू हातात घेऊन उभी होती. ते तिच्या अंगठ्याला चोखत होतं. तिने ते परत ठेवलं आणि रिक्षात जाऊन बसली.

"काय ते," मी बसल्यावर म्हणाली, "वांगी निवडता का?"

"वांगी आठ दिवस टिकतात. हे पंधरा वर्षं टिकणार. विचारायला नको?"

"विचारा. तुमी विचारतच बसा."

आणखी दोन ठिकाणं बघायची आहेत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

विकत घेण्याआधी तज्ज्ञाचं मत घ्यावं म्हणून कोपरखैरण्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉ. संघप्रिया. वय पस्तिशीचं, बोलणं सरळ. मी तक्ता पुढे केला, तिने मनापासून वाचला. म्हणाली, "काका, किंमत हा सगळ्यात छोटा खर्च. लशी, जंताचं औषध, खाणं हे तुम्ही धरलंय. दात धरले नाहीत. लहान जातीचे दात लवकर खराब होतात. गुडघ्याची वाटी सरकते. तुम्ही गावाला गेलात तर हा कुठे राहणार, तेही धरलं नाही."

"आम्ही कुठे जात नाही."

डॉक्टरने गोजराकडे बघितलं. गोजरा भिंतीवरचं लशींचं वेळापत्रक वाचत होती.

"आणि आयुष्य," डॉक्टर म्हणाली. "मोठा कुत्रा दहा वर्षं जगतो. लहान चौदा-पंधरा. पिल्लू घेतलंत तर पुढची पंधरा वर्षं त्याचं कोण करणार, ते आधी ठरवा."

घरी आल्यावर आकडे मांडले. मी साठ, म्हणजे पंचाहत्तर. गोजरा छप्पन्न, म्हणजे एकाहत्तर. मी आधी गेलो तर गोजरा आहे. उलटं झालं तर काय, हा रकाना आखला आणि तसाच सोडला. दुपारभर चैन पडेना. उगीच खाली जाऊन पाण्याच्या टाकीची पातळी बघून आलो.

रविवार, १६ फेब्रुवारी

साठाव्या वर्षी मला भात लावायला शिकवलं जातंय. कारण काय, तर कुत्र्याला भात लागतो.

"तू आहेस ना लावायला?"

"मी नसले तर त्यानं उपाशी मरायचं का?"

मुद्दा बिनतोड होता. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. कुत्र्याचा बिनमिठाचा. मग म्हणाली, तोच कुकर हाय, दुसऱ्या डब्यात मीठ घालून मानसाचापन होतो. मग डाळ. मग बोंबील कसे साफ करायचे. कुत्र्याला बोंबील चालतात का ते डॉक्टरला विचारलं नाहीये, असं मी म्हणालो, तर हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

गॅसचा नंबर, दूधवाल्याचा नंबर, इस्त्रीवाला, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या दुकानात मिळतात, सगळं तिने फ्रिजवर चिकटवलंय. घरात कुत्रा येणार म्हणून केवढी ही तयारी. मला कौतुक वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उरणच्या घराचा लाइट मीटर गोजराने स्वतःच्या नावावर करून घेतला. मोरीला लाद्या बसवल्या. मला विचारलं नाही. कुणाकडून बसवल्या, काय दराने, तर म्हणे गावातला केतन मिस्त्री, त्याने सांगितला तो दर.

"एकाच माणसाला विचारलंस?"

"त्यानं काम बरं केलं."

मी समजावलं की भाड्याने द्यायचं असेल तर घाई करू नको, बंदरात गोदामांत काम करणारी पुष्कळ माणसं खोल्या शोधतात, तीन जणांकडून भाव काढू. ती म्हणाली, "भाड्यानं नाय द्यायचं."

"मग रिकामं ठेवून काय करणार?"

"मार्चात गावातल्या बायकांबरोबर मसाला करायचाय. आयचा मसाला सगली मागायची. मिरच्या सांगितल्यात."

मसाल्याचं खूळ जुनंच. दोन हजार पाचमध्ये तिला इथे गावात मसाल्याचं छोटं दुकान टाकायचं होतं. मी तीन जागा बघितल्या, एकीचा ओटा लहान, एकीचं भाडं जास्त, तिसरी माझा निर्णय होईपर्यंत हातची गेली. तेव्हा तिने फार वाईट वाटून घेतलं नव्हतं. निदान बोलली तरी नव्हती.

शनिवार, ८ मार्च

डॉ. संघप्रियाचा फोन. एक कुत्री आहे, सहा वर्षांची, स्पिट्झची संकर. मालक कायमचे परदेशी गेले आणि हिला दवाखान्यात सोडून गेले. फुकट. दात साफ करून घ्यावे लागतील एवढंच. "पिल्लापेक्षा तुमच्यासाठी ही बरी, काका. शिकलेली आहे. आणि वयाचा हिशेबही जुळतो."

मी म्हणालो, चांगलं आहे, पण आणखी दोन बघतो आणि कळवतो.

"अशी आणखी दोन नसतात हो," ती म्हणाली.

गोजरा उरणला होती. फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "किती दिवस लावनार?"

"फार तर पंधरा."

"बरं."

शनिवार, १५ मार्च

शिमगा एकट्याने झाला. ती तिकडेच होती. इथे गावात होळी पेटली, ढोल वाजले, जुन्या घरून दोनदा बोलावणं आलं, गेलो नाही. जोडीने जायची सवय. लोक विचारणार, वहिनी कुठाय, आणि मी सांगणार, घराला हवा द्यायला गेलीय. हे वाक्य आता माझ्याच कानाला बरं लागत नाही.

भात करपला. दोन वाट्या पाणी की अडीच, ते फ्रिजवर लिहिलं नव्हतं.

एकदा मनात आलं की मीही उरणला जावं. मग म्हटलं, तिने बोलावलं नाही. आणि तिथे माझं काम काय.

बुधवार, १९ मार्च

गोजरा उरणहून थेट दवाखान्यात उतरली आणि मला फोन केला, "खाली या. रिक्षा करा. डॉक्टरकडं."

गेलो तर कुत्री तिच्या पायाशी बसलेली. रंग चहात बुडवायच्या बटरासारखा, आणि नावही बटर. कान उभे, एक डोळा किंचित पाणावलेला. मी म्हणालो की अजून पंधरा दिवस पुरे झालेले नाहीत. गोजराने ऐकलं नाही.

डॉक्टरने एक अर्ज पुढे ठेवला. पहिला रकाना: मुख्य जबाबदार व्यक्ती. मी पेन गोजराच्या हातात दिलं. तिने माझं नाव लिहिलं.

"अगो, कुत्री तुझी."

"तुमीच घरी असता."

दुसरा रकाना: ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास कोणाला कळवावे. तिथे तिने मनस्वीचा नंबर लिहिला. बंगळूरच्या मुलीचा नंबर कोपरखैरण्याच्या कुत्रीला काय कामाचा? घाईत चुकली असणार. मी खोडून तिचा नंबर घालणार होतो, पण डॉक्टर म्हणाली, राहू द्या काका, खाडाखोड नको. अर्ज पुराव्याचा कागद असतो, तेही खरंच.

सोसायटीला द्यायचं हमीपत्र रात्रीच्या आत टाइप केलं. लिफ्टमध्ये कुत्रीला कडेवर घ्यावं लागेल. उचलून बघितली. साडेसात किलो. जमते.

रविवार, २३ मार्च

बटर दारापाशी बसून असते. खात नाही, नाक फटीला लावून बसते. लिफ्ट वाजली की उभी राहते, दार आपल्याकडचं नाही कळलं की पुन्हा बसते. चार दिवस हेच. मला बघवत नाही आणि चीडही येते. तिचे लोक विमानाने गेले, लिफ्टने कसे परत येतील?

गोजरा तिच्याजवळ फरशीवर बसली होती. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघंल चार दिवस. मग कलंल तिला. वाट बघायचीपन हद असते."

मला कुत्रीला पट्टा घालायला शिकवलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. मी म्हणालो, आलटून पालटून नेऊ. ती म्हणाली, "नाय, तुमीच न्या. तिला एकाच मानसाची सवय लागूंदे."

रविवार, ३० मार्च. पाडवा

लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

गुढी उभारली. नैवेद्य झाला. गोजराने आमरसाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसली. म्हणाली, "उद्यापासून मी उरणच्या घरी ऱ्हाणार."

"किती दिवस?"

"दिवस नाय. ऱ्हाणार."

मी विचारलं, कुणी काही बोललं का. नाही म्हणाली. माझं काही चुकलं का.

"तुमी वाईट नाय. मारलं नाय, दारू नाय, पगार हातात दिलात. मना तुमच्याशी भांडन नाय. पन मी बत्तीस वर्सं थांबले. झोपाला मागितलेला, आठवतं? दोन हजार अकरा. बाल्कनीत बसायला. तुमी तीन कोटेशनं आनलीत. फाइल अजून कपाटात हाय. दुकान तसंच गेलं. आयला इकडं आनूया म्हनले, तर तुमी म्हनालात बघू, दोन-तीन डॉक्टरांना विचारू. आय गेली. आता मी कोनाला विचारनार नाय."

आईबद्दल मी खरोखरच विचारत होतो. दोघांना विचारूनही झालं होतं. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय मना."

मग तिने पदराखालून एक कागद काढला. माझ्याच जुन्या पॅडचा, तीन रकाने पट्टीने आखलेले. तिचं अक्षर लहान मुलीसारखं गोल आहे, आठवीपर्यंत शिकली. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'नंदकुमार यांच्या सोबतीला. १. मनस्वीकडे बंगळूर. भाषा येत नाही. ती दोघं ऑफिसला. करमणार नाही. २. स्वयंपाकाला बाई. येईल नि जाईल. ३. कुत्रा. लहान. उचलता येईल. सकाळी उठवील. फिरवायला लागेल म्हणजे चार माणसं भेटतील. वाट बघेल.'

तिसऱ्यावर बरोबरची खूण. खाली सही: गोजरा.

"तुमच्याच पद्धतीनं केलं," ती म्हणाली. "बघा काय चुकलं तर."

मी तपासलं. सवयीने तपासलं. चौतीस वर्षांत इतका स्वच्छ तक्ता माझ्या टेबलावर आला नव्हता. एकही चूक सापडली नाही, आणि मग मला रडू आलं. तिच्यासमोर आलं. तिने पाणी दिलं. तीही रडली, पण बॅग आधीच भरलेली होती.

बुधवार, २ एप्रिल

घरात दोघं आहोत आणि दोघंही दारापाशी. बटर फरशीवर, मी खुर्चीवर. लिफ्ट वाजली की दोघंही मान वर करतो.

मागची पानं वाचून काढली. कुणीही शहाणा माणूस पहिल्या पानावरच ओळखेल असं सगळं मीच लिहून ठेवलंय. हवा देणं, भात, फ्रिजवरचा कागद, अर्जावरचा नंबर. डॉक्टरला कळलं होतं, मनस्वीला कळलं होतं. मी शित्झूच्या पार्लरचा खर्च काढत होतो.

सोमवार, ७ एप्रिल

बटरने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. काल दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाली, तपासते, पण आधी तुम्ही काय खाताय ते सांगा. मी म्हणालो, चहा-बिस्किट. म्हणाली, मग ती कशाला खाईल? घरात कुणी जेवत नसेल तर कुत्र्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.

आलो आणि कुकर लावला. एक डबा बिनमिठाचा, एक मिठाचा. ताट फरशीवर घेतलं, गुडघा कुरकुरला. तिच्यापुढे हातावर भात धरला. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, मी माझा घास घेतला, मग तिने तिचा घेतला. आम्ही सगळा भात संपवला.

आज सकाळी सहाला तिने नाकाने उठवलं. खाली तीन जणांनी नाव विचारलं. तिचं.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी कपाटातून झोपाळ्याची फाइल काढली. बटरला उचललं आणि खाली आलो. गेटवर एक टॅक्सी उभी होती. बसलो, उरण म्हणालो. पाम बीच रोड मागे पडल्यावर लक्षात आलं की भाडं विचारलंच नाही. उलव्याच्या पुढे कंटेनरवाल्या ट्रेलरांची रांग लागली. बटरने सगळा वेळ नाक खिडकीला लावून ठेवलं होतं. फोन करून यावं असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा केला नाही, कारण तिने नको म्हटलं असतं तर मी परत फिरलो असतो.

घर ओळखू आलं नाही. बाहेरून पांढरं केलेलं, अंगणात कागदांवर मिरच्या वाळत घातलेल्या. दोन बायका मसाला चाळत होत्या, सगळीकडे खकाणा. मी शिंकलो, बटर शिंकली. आणि ओटीवर झोपाळा. सागाचा नाही, साधाच, केतन मिस्त्रीने केलेला असणार. त्यावर गोजरा बसून लसूण सोलत होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. बत्तीस वर्षांत तिला पाय हलवत बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"जेवलात?" तिने विचारलं.

"भात करून खाल्ला."

"मीठ?"

"माझ्यात घातलं."

मी फाइल पुढे केली. तिने उघडून बघितली. "सगल्यात स्वस्त बत्तीसशे व्हता," म्हणाली आणि फाइल मिटून मांडीवर ठेवली. मी सांगितलं की चुकलो. काय चुकलो त्याची यादी वाटेत केली होती, ती आठवेना. नुसतं चुकलो एवढंच म्हणालो. परत चल, हे ओठांवर होतं. तिच्या हलणाऱ्या पायांकडे बघितलं आणि गिळलं. मला ती हवी आहे. तिला मी नको आहे असंही नाही. पण तिला ही ओटी हवी आहे, आणि ती तिने कुणाला न विचारता घेतली आहे.

ती बाजूला सरकली. "बसा."

बसलो. बटरला उडी जमेना, दोनदा पंजे टेकून मागे झाली. मी वाकून तिला उचललं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. गोजराने लसणाचे हात लुगड्याला पुसून तिच्या डोक्यावर ठेवले. तासभर बसलो असू. मिरच्या कुठून आणल्या ते तिने सांगितलं. मी दर विचारला नाही.

उन्हं उतरली तसा उठलो. वाटलं होतं बटर तिथेच राहील, अंगण आहे, माणसं आहेत, तीही राहिली असती तर मी कुठल्या तोंडाने ओढून नेणार होतो. मी पायऱ्या उतरलो. ती झोपाळ्यावरून धडपडत खाली आली आणि माझ्या चपलांपाशी येऊन उभी राहिली.

"बघा," गोजरा म्हणाली. "तिला ठाव हाय कोनाबरोबर जायचं."

गेटपर्यंत आली. म्हणाली, "रविवारी या. हिचे दात दाखवून घ्या तोवर. आनि चार दिवस डॉक्टर शोधत बसू नका."

सव्वाआठला घरी पोचलो. बटर दारापाशी थांबली नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन कुकरसमोर बसली. भात लावला, तिचा बिनमिठाचा, माझा मिठाचा. शिट्टी होईपर्यंत मी दाराकडे दोनदा बघितलं. तिने एकदाही नाही.